माया ठेवून शिवलेले

शिवणकामात ‘माया’ असा एक शब्द आहे. कापड बेतताना अंगाच्या मापापेक्षा जे थोडे अधिक धरायचे, शिवणीच्या आत दडवायचे आणि पुढे गरज पडेल तेव्हा उसवून मोकळे करायचे, त्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. ‘पोलक्याला बगलेत इंचभर माया ठेव गं’ असे सुनेला सांगणाऱ्या सासूबाई काही श्लेष करीत नसत. त्या नुसता हिशेब सांगत असत. परंतु मुलाबाळांसाठी घरी कपडे शिवण्याचे सारे मर्म या एका शब्दात सामावले आहे, असे आम्हांस वाटते.

दुकानातला तयार फ्रॉक एकदा उलटा करून पाहावा. बाहेरून तो सुबक असतो. आत मात्र शिवणीच्या कडा यंत्राने कापून, दोऱ्याने गुंफून टाकलेल्या असतात आणि शिवणीपलीकडे कापड उरते जेमतेम पाव इंच. वर्षभराने तो तोकडा झाला की त्याला उपाय नाही. यात कारखान्याचा दोष नाही. तेथे कापडाचा प्रत्येक इंच मोजलेला असतो आणि फ्रॉक कोणाच्या अंगात जाणार हे कोणालाच ठाऊक नसते; ठाऊक असतो तो केवळ ‘साइज’. उलट घरी शिवणाऱ्या हाताला पोर ठाऊक असते. ते पुढच्या वर्षी केवढे होणार, कोणत्या गुडघ्यावर नेमके पडते, कोणत्या खांद्यावरून गळा घसरतो, हे सारे कात्री चालण्यापूर्वीच मनात बेतलेले असते.

हे लिहिताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी शिवले ते बऱ्याच अंशी भाग होते म्हणून. घरात पाच-सात मुले, कमावता एक, आणि शिंप्याची शिलाई परवडणारी नव्हे. दिवाळीच्या आधी एकाच ताग्यातले कापड आणून सर्व भावंडांना एकसारखे कपडे शिवले जात आणि त्यासाठी रात्री कंदिलाच्या उजेडात डोळे फुटेस्तोवर टाके घातले जात. त्या कष्टांना केवळ ‘हौस’ म्हणणे अन्यायाचे होईल. आज ज्या भगिनी नोकरी सांभाळून घर चालवितात, त्यांच्या माथी शिवणाचे आणखी एक ओझे ठेवावे, असेही आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की वर्षाकाठी एखादा तरी कपडा मुलासाठी घरी शिवला जावा. आणि तो का व कसा, याचा थोडा विचार व्हावा.

पहिले वस्त्र जुने

मराठी घरात बाळाचे पहिले वस्त्र नवे नसते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे फाडून लंगोट, दुपटी आणि झबली होतात. नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोचते. जुन्या सुताची ती केव्हाच निघून गेलेली असते. पुढे बारशाला किंवा बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटे असा सारा सरंजाम येतो. यांतले झबले हे शिवण शिकू इच्छिणाऱ्यासाठी सर्वांत सोपे. पुढचा भाग, मागचा भाग, खांद्यावर आणि बगलेत शिवण, गळ्याला उरेब पट्टी आणि मागे बांधायला दोन बंद. हाताने धावदोरा घालूनही ते एका दुपारी तयार होते.

तान्ह्या बाळाच्या झबल्याच्या शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवाव्यात. दिसायला ते उलटे दिसेल. पण शिवणीची जाड कड बाळाच्या पाठीला घासणार नाही. बंद आखूड असावेत. कुंचीचे आणि टोपड्याचे हनुवटीखालचे बंद तर विशेषच. आणि बाळ झोपताना कुंची काढून ठेवावी. अमेरिकेत बालकांच्या कपड्यांच्या गळ्याशी लांब नाड्या असू नयेत, असे मार्गदर्शन तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९९६ सालीच दिले आहे, कारण त्या नाड्या कशात तरी अडकून फास बसल्याच्या दुर्घटना घडल्या होत्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना सुटी, चकचकीत बटणेही टाळावीत. तुटलेले बटण प्रथम तोंडात जाते.

पहिल्या संक्रांतीला काळे झबले शिवायचे ते वेगळेच. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग या एका सणाला हौसेने मिरवला जातो. थंडीच्या दिवसांत तो ऊन शोषून ऊब देतो, हे त्यामागचे सुज्ञ कारण. संक्रांत ते रथसप्तमी या काळात बोरन्हाण होते. हलव्याचे दागिने अंगावर चढतात. बाजारात आता हा सारा संच तयार मिळतो. पण काळ्या सुती कापडाचा अर्धा मीटर आणि खडीचे चार ठिपके यांत जे झबले घरी होते, त्याची सर त्याला नाही, असा आमचा अनुभव आहे.

मूल वाढते कसे आणि माया ठेवावी कोठे

आता मूळ हिशेबाकडे येऊ. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचे बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास. आणि त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे दोन ते पावणेतीन इंच. छातीचा घेर मात्र त्या वयात वर्षाला पाऊण इंचाच्या आसपासच वाढतो. थोडक्यात, मूल उंचीने भराभर वाढते आणि रुंदीने हळूहळू. तेव्हा मायाही त्याच हिशेबाने ठेवली पाहिजे. पुष्कळ जणी ‘पुढे होईल’ म्हणून सबंध फ्रॉकच दोन मापे मोठा शिवतात. मग पहिले वर्ष तो पोत्यासारखा लोंबतो आणि अंगात नीट बसू लागतो तोवर विरलेला असतो. कपडा आजच्या अंगाचाच बेतावा. वाढ तेवढी आत लपवावी.

फ्रॉकच्या खालच्या दुमडीत तीन ते चार इंच कापड ठेवावे आणि ती दुमड हाताने, सैल टाक्याने हेम करावी. यंत्राची टीप उसवली की भोके दिसतात; हाताचा टाका माग ठेवीत नाही. दोन्ही बगलांच्या शिवणींत नेहमीपेक्षा पाऊण इंच जादा माया ठेवली, तर पुढच्या व मागच्या भागांत मिळून घेर तीन इंच वाढविता येतो. तीन-चार वर्षांची ती बेगमी होय. अडचण येते ती खांद्यापाशी. मुंढा घट्ट झाला तर माया कामास येत नाही. म्हणून मुंढा प्रथमच किंचित खोल कापावा. आणि तरीही बाही आवळू लागली तर ती सरळ काढून टाकावी, कडेला उरेब पट्टी लावावी आणि तोच फ्रॉक आतल्या पोलक्यावर बिनबाह्यांचा वापरावा. गुडघ्यापर्यंत आलेल्या झग्याचा पुढे सदरा होतो, त्यातही वावगे काही नाही.

परकराला याहून सोपी युक्ती आहे. खालच्या काठाच्या वर चार-सहा बोटांवर आडवी दुमड घालून कच्ची टीप मारावी. दोन इंच खोल दुमडीत चार इंच कापड मावते. परकराची उंची वर्षाला दीड इंचाने वाढवावी लागते असे धरले, तरी अडीच वर्षे निभतात. दोन दुमडी घातल्या तर त्याच नक्षीसारख्या दिसतात आणि एकेक करून सोडता येतात.

कोरे सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे, सावलीत वाळवावे आणि इस्त्री करून मगच कात्री लावावी. ते पहिल्याच पाण्यात आटते. आधी शिवून मग आटू दिले तर आपण ठेवलेली माया मुलाच्या नव्हे, पाण्याच्या कामी येते. आणखी एक सूचना. मुलींच्या तयार फ्रॉकना सहसा खिसे नसतात, मुलांच्या चड्ड्यांना मात्र दोन-दोन! घरी शिवताना बगलेच्या शिवणीतून खिसा काढणे अगदी सोपे आहे. पोरीलाही बोरे, खडे, पेन्सिलीचे तुकडे ठेवायला जागा हवी असते.

ज्या गावी राहतो तेथले कापड

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींना एक मोठे भाग्य लाभले आहे. आपण ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्यांच्या आसपास विणकरांची नामांकित ठाणी आहेत. परकर-पोलक्याचा खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा; बेळगावकरांना तो अगदी जवळचा. इंदूरकरांच्या हाताशी महेश्वर आहे, जेथील विणकामाला अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी आश्रय दिला. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, त्यामुळे मुलांच्या कपड्याला तो फार सोयीचा. ग्वाल्हेरकरांना चंदेरी जवळ आहे. ती मात्र तलम, तेव्हा तिला मऊ सुती अस्तर लावल्यावाचून मुलाच्या अंगावर घालू नये. हैदराबादकरांना नारायणपेठची चौकटी, गोवेकरांना कुणबी साडीच्या लाल चौकटी, वडोदेकरांना बांधणी. बांधणीचा रंग पहिल्या धुण्यात सुटतो, तेव्हा ती आधी वेगळी धुऊन पाहावी.

आणि नवे कापड कशाला, आईची जुनी साडी असताना? सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्ह्याला ४६ इंच असते. पाच वर्षांच्या मुलीच्या कमरेपासून घोट्यापर्यंत सुमारे २४ इंच. त्यात नेफ्याचे दोन इंच आणि दुमडीच्या मायेचे चार मिळविले की ३० झाले. साडीच्या काठाकडून ३० इंच धरून अडीच-तीन मीटर लांबीची पट्टी कापली, की काठच परकराची खालची कड होतो. तेथे दुमडायचे कामच उरत नाही. उरली ती १६ इंचांची दुसरी पट्टी, तिलाही काठ आहेच. तीतून पोलके निघते आणि बाह्यांना काठ येतो. साडीची उरलेली निम्मी लांबी धाकटीसाठी राखावी. ज्या साडीला पदराशी जीर ओढली आहे, जी घडीवर विरली आहे, तिचाही पुष्कळ भाग चांगला असतो. उजेडासमोर धरून विरलेले भाग खडूने खुणावले, की उरलेल्यात बेत करता येतो.

दिवाळीचा कपडा मात्र सुतीच असावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटून बसते. सुती कापडही पेटते, हे विसरू नये. तेव्हा फटाके उडविताना घोळदार, चुण्यांचा किंवा ओढणीचा पोशाख अंगावर नको. तो लक्ष्मीपूजनाला नेसवावा आणि अंगणात जाताना आटोपशीर कपडे घालावेत.

यंत्र आणि शिक्षण

घरोघरीच्या शिवणाला गती आली ती यंत्राने. एलियस हौ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत आपापल्या शिवणयंत्रांचे हक्क नोंदविले. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांच्या वेडाविरुद्ध बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता, कारण ते माणसाचे काम हिरावून न घेता त्याचे श्रम हलके करते. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली आणि मध्यमवर्गीय घरात, खिडकीपाशी, यंत्राने आपली कायमची जागा मिळविली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनात स्त्रियांना शिवणकाम शिकविले जाई, ते केवळ घरातल्या पोरांसाठी नव्हे, तर स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी. वैधव्य आले, नवऱ्याची नोकरी गेली, तरी यंत्राच्या आधाराने मुले शिकविली अशा स्त्रिया आपल्यापैकी प्रत्येकाच्या गोतावळ्यात एखादी तरी असेलच.

मधल्या काळात ही यंत्रे अडगळीत गेली. कोणी त्यांवर फुलदाणी ठेवली, कोणी मोडीत दिली. २०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवण्याच्या निमित्ताने कित्येक यंत्रांवरची धूळ झटकली गेली, तेलाचे चार थेंब पडले, आणि ती पूर्वीसारखी चालू लागली. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे, त्यांनी ते पुन्हा झाकून ठेवू नये.

तयार कपड्यांचा विचार करताना आणखी एक गोष्ट मनात यावी. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तीतल्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारी अकराशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. कपडा कोठेही झाला, तरी सुईमागे कोणाचा तरी हात असतोच. स्वतः एक झबले शिवून पाहिले, की एका फ्रॉकमागे किती तासांचे काम आहे ते कळते; मग ‘शंभर रुपयांत तीन’ अशी पाटी पाहून केवळ आनंदच वाटेल असे नाही. शेजारच्या शिंप्याशी शिलाईवरून घासाघीस करतानाही जीभ जरा अडखळेल. हा लाभ लहान नव्हे.

मुलांचे काय म्हणणे?

एक अडचण मात्र मोकळेपणाने मांडली पाहिजे. मुले थोडी मोठी झाली, की घरी शिवलेला कपडा त्यांना नकोसा होतो. वर्गातल्या मैत्रिणीच्या फ्रॉकवर चित्र असते, चमचमती अक्षरे असतात. आपल्या परकराला मात्र ‘हे काय घातलेस’ असे विचारले जाते. परप्रांतात तर हे अधिकच. आपण एवढे कष्ट केले आणि पोर कपड्याकडे ढुंकून पाहत नाही, याचे आईला वाईट वाटते. येथे बळजबरी उपयोगाची नाही. मुलाला कापडाच्या दुकानात बरोबर न्यावे आणि रंग त्यालाच निवडू द्यावा. बटणे त्याने पसंत करावीत, खिसा कोठे हवा ते त्याने सांगावे. टेप अंगाला लावला, की बहुतेक मुले श्वास रोखून सरळ उभी राहतात. आपले माप कोणी घेत आहे, याचे त्यांना अपरूप वाटते. ज्या कपड्याच्या बेतात मूल सामील झाले, तो कपडा ते टाकून देत नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलाला सुईत दोरा ओवता येतो, बटण लावता येते, धावदोरा घालता येतो. येथे मुलगा-मुलगी असा भेद करण्याचे कारण नाही. शिंप्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच केला; मग घरातल्या मुलाने तुटलेले बटण आईपुढे का धरावे? वडिलांनीही रविवारी बाही उसवून द्यायला हरकत नसावी. उसवणे हे शिवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि ते संयमाचे आहे.

आणखी एक लाभ आहे, तो भाषेचा. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत मराठी बोलली जाते. पण ती हळूहळू जेवणखाण आणि सणवार यांपुरती आक्रसत चालली आहे, हे आपण सारेच जाणतो. शब्द टिकतात ते कामाने. काज, मुंढा, उरेब, नेफा, पन्हा, हेम, बेतणे, उसवणे, विरणे हे शब्द कोशातून शिकविता येत नाहीत. कापड पुढ्यात घेऊन बसले, की ते आपोआप तोंडात येतात. आणि ते आपले एकट्याचेही नाहीत. वडोदऱ्याची गुजराती शेजारीण आपल्या झबल्याला ‘झभलुं’ म्हणते, इंदूर-ग्वाल्हेरला ते ‘झबला’ होते, उत्तर कर्नाटकात कुंचीची ‘कुंचिगे’ होते, तेलुगू घरात परकराला ‘परिकिणी’ म्हणतात. शेजारणी शिवणाच्या निमित्ताने एकत्र बसल्या, की ही नाती सहज उलगडतात. मुलांच्या कानांवर हे पडावे.

ज्यांना हे सारे नवे आहे, त्यांनी एकदम फ्रॉकला हात घालू नये. पहिल्या दिवशी जुन्या चादरीच्या तुकड्यावर सरळ टीप मारण्याचा सराव करावा. मग पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग झबले, मग परकर, आणि शेवटी बाह्यांचा फ्रॉक. मुलाला आत्ता अंगात नीट बसणारा एखादा जुना कपडा उसवून, इस्त्री करून, वर्तमानपत्रावर ठेवून त्याची कड आखून घ्यावी. तोच आपला नमुना. त्याभोवती शिवणीसाठी अर्धा इंच आणि वाढीची माया वेगळी धरावी.

परकराची दुमड दोन-अडीच वर्षांनी सोडली, की तेथे एक रेघ दिसते. सभोवतीचे कापड उन्हापाण्याने फिकटलेले असते. दुमडीत राहिलेला पट्टा मात्र पहिल्या दिवसासारखा गडद असतो. काही जणी त्यावर लेस लावून तो झाकतात. लावावी खुशाल. पण न झाकली तरी चालेल, असे आम्हांस वाटते. भिंतीवर मुलाची उंची पेन्सिलीने आखून ठेवतो, तशीच ही खूण. पोर एवढी वाढली, आणि एवढी वाढेल हे कोणी तरी आधीच धरून चालले होते.